मेडिकल कॉलेजात 'स्ट्रॅटेजी'ची नोकरी – घ्यावी का?

कल्याण_स्लो

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपीची पदवी घेतली, मग टिसमधून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन केलं आणि गेली नऊ वर्षं एका कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे. आता मुंबईतल्या एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजातून बोलावणं आलंय. पद असोसिएट डायरेक्टर, स्ट्रॅटेजी अँड प्लॅनिंग. थेट डीनच्या हाताखाली. जाहिरातीत पानभर मजकूर आहे. तो चार वेळा वाचला, तरी सकाळी दहाला खुर्चीत बसल्यावर मी नक्की काय करायचं ते कळलेलं नाही. सासूबाईंनी तर एका वाक्यात विचारलं, "तू डॉक्टर नाहीस, शिकवणार नाहीस, मग कॉलेजात तुला ठेवणार कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

इथे कुणी असं काम केलंय का? यात पुढे चढत जाता येतं, की डीन बदलला की आपण सामानासकट गॅलरीत?

गुळपोळी

पीपीटी छान येते ना? मग घे. 😀

चिंचपोकळीकर

नाव नवं आहे, काम जुनंच. आमच्या परळचंच उदाहरण देतो. केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ साली उभं राहिलं, तेव्हा शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की इथे नेमणुका भारतीयांच्याच होतील. त्या काळात मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या वरच्या जागा गोऱ्या साहेबांकडे असत. ही अट म्हणजे स्ट्रॅटेजी नाही तर काय? पहिले डीन जीवराज मेहता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते. नायरचं टोपीवाला कॉलेज तर १९२१ चं, असहकाराच्या चळवळीत निघालेलं. कुणाला शिकवायचं, कुणी शिकवायचं आणि पैसा कुणाचा, हे तीन प्रश्न तेव्हाही कुणीतरी बसून सोडवलेच होते. फक्त त्याच्या दारावर पाटी नव्हती.

प्रा_डॉ_कुरकुरे

पाटी नव्हती तेच बरं होतं. मी एका कॉलेजात एकवीस वर्षं शिकवतोय. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी असे एक स्ट्रॅटेजीवाले आले. तेव्हापासून मी आठवड्याला तीन एक्सेल भरतो. सोमवारी ओपीडीचे आकडे, बुधवारी तेच आकडे वेगळ्या रकान्यात, आणि शुक्रवारी "सर, सोमवारचा आणि बुधवारचा जुळत नाही" असा फोन. पेशंट बघू की रकाने? एमबीए केलेल्या माणसाला वॉर्डातला वास माहीत नसतो. कल्याण_स्लो, तुमच्यावर राग नाही, पण नोकरी घेतलीत तर एवढं करा. एकच आकडा दोनदा मागू नका.

आवक_जावक

कुरकुरे सरांचं शेवटचं वाक्य कापून डायरीत चिकटवा. आता माझं ऐका. मी हे काम केलंय. आधी पद नव्हतं, मग पद आलं, त्याचं नाव तीनदा बदललं.

१९९६ साली एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात लागले. कॉलेजचं नाव विचारू नका. आवक-जावकचं टेबल. शिक्षण बी.कॉम., इंग्रजी टायपिंग चाळीसचं. निवृत्त झाले तेव्हा पाटीवर 'संचालक, नियोजन' होतं. लोकांना वाटतं मी मधेच कुठेतरी एमबीए केलं. नाही केलं. आवक टेबलावर येणारं प्रत्येक पत्र नोंदवण्याआधी वाचायची वाईट सवय मात्र होती.

तर झालं असं. एकाच महिन्यात तीन ठिकाणांहून पत्रं आली. एक कौन्सिलचं, म्हणजे मेडिकल कॉलेजांना मान्यता देणारी तेव्हाची एमसीआय. एक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, संलग्नतेसाठी. एक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचं. तिन्ही पत्रं तीन विभागांना गेली. तिन्हीत बाकीच्या पन्नास गोष्टींबरोबर एक प्रश्न होता: खाटा किती? उत्तरं जावकला माझ्याकडेच आली आणि तीन उत्तरांत तीन आकडे. कुणी खोटं बोललं नव्हतं हो! सुपरिटेंडंटच्या ऑफिसने मंजूर खाटा लिहिल्या. मेट्रनच्या ऑफिसने वॉर्डात खरोखर घातलेल्या मोजल्या, त्यात कॉरिडॉरमधल्याही आल्या. अकाउंट्सने बिलिंगमध्ये दिसतात तेवढ्या दिल्या. प्रत्येकाच्या जागी प्रत्येकजण बरोबर. पण तिन्ही कागद कधी एका टेबलावर आले असते तर कॉलेजची शोभा झाली असती.

मी जावक थांबवलं (माझा अधिकार नसताना), तिन्हींच्या झेरॉक्स काढल्या, एकत्र टाचल्या आणि डीनसरांच्या टेबलावर ठेवल्या. वर चिठ्ठी: "सर, कोणता पाठवू?" सरांनी पाच मिनिटं काही म्हटलंच नाही. मग म्हणाले, "बाई, उद्यापासून असं काही दिसलं की आधी माझ्याकडे." माझी स्ट्रॅटेजीतली कारकीर्द त्या टाचणीपासून मोजायची.

उरलेलं रात्री लिहिते, कुकरच्या शिट्ट्या होतायत.

गुळपोळी

पीपीटीवाला प्रतिसाद मागे घेतो.

निळी_शाई

मी एका सरकारी कॉलेजात आस्थापना विभागात. आमच्याकडे असं वेगळं पद मी तरी पाहिलं नाही. आमची स्ट्रॅटेजी म्हणजे नस्ती, फाईल हो. डीनने टिपणी लिहायची, ती संचालनालयात जाणार, तिथून मंत्रालयात, तिथून शेरा येणार, "सविस्तर प्रस्ताव सादर करावा". तो सादर होईपर्यंत डीनची बदली. महापालिकेच्या कॉलेजांतही रस्ता वेगळा असला तरी पायऱ्या तेवढ्याच. त्यामुळे हे करिअर करायचं तर ट्रस्ट, खासगी किंवा अभिमत विद्यापीठातच, असं माझं मत. सरकारीत हेच काम एखादा हुशार मुख्य लिपिक करतो. त्याला कुणी डायरेक्टर म्हणत नाही, त्याच्या टेबलावर चहा तेवढा जास्त येतो.

ओहायोतला_कोकणी

इकडची बाजू सांगतो. मी एका अमेरिकन मेडिकल स्कूलच्या बिझनेस ऑफिसात आहे. इथे 'असोसिएट डीन फॉर स्ट्रॅटेजी' किंवा 'चीफ स्ट्रॅटेजी ऑफिसर' ही सर्रास दिसणारी पदं आहेत आणि त्यावरची बरीच मंडळी डॉक्टर नाहीत. वाट साधारण अशी असते: एमएचए (हॉस्पिटल प्रशासन), एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) किंवा एमबीए, मग एखाद्या विभागाचं प्रशासन, मग डीनचा चीफ ऑफ स्टाफ, मग हे पद. एएएमसी ही मेडिकल स्कूलांची संघटना १८७६ ची, तिच्यात नियोजन करणाऱ्यांचा वेगळा गट आहे आणि पैशाचा हिशेब बघणाऱ्यांचा वेगळा. म्हणजे बिरादरी आहे.

हे पद इथे का रुजलं, त्याची मला दिसणारी दोन कारणं. पहिलं, मान्यता. एलसीएमई ही मान्यता देणारी समिती १९४२ पासून आहे आणि पूर्ण तपासणी आठ वर्षांनी एकदा होते. तिच्या बारा मानकांतल्या पहिल्याचं पहिलंच कलम नियोजन आणि सततची सुधारणा हे आहे. म्हणजे योजना कपाटात असून भागत नाही, ती वापरात असल्याचं दाखवावं लागतं. दुसरं, पैसा. शिकवणं, संशोधन आणि रुग्णसेवा ही तिन्ही कामं एकाच छताखाली, पण पैसा मुख्यतः रुग्णसेवेतून येतो आणि शिकवणं त्यावर जगतं. हॉस्पिटलने कॉलेजला किती द्यायचे, विभागांच्या कमाईतून डीनने किती कापायचे (त्या कपातीला इथे सरळ 'डीनचा कर' म्हणतात), यावर वर्षभर खडाजंगी चालते. त्या भांडणात आकडे घेऊन मधे बसणारा माणूस लागतो.

भारतात आठ वर्षं कुणी सोडत नसावं.

आवक_जावक

आठ वर्षं! कोकणी, वाचून हेवा वाटला. इथे दर वर्षी खाटा, शिक्षक वगैरे माहितीचं घोषणापत्र भरायचं, आणि नियम पाठ होईपर्यंत बदललेले. एमसीआय जाऊन २५ सप्टेंबर २०२० ला एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आली. २०२० च्या नियमात एमबीबीएसच्या दीडशे जागांना साडेसहाशे खाटा होत्या, २०२३ च्या नियमात ६०५ झाल्या. शंभर जागांच्या ४३० होत्या त्या ४२०. वर त्यातल्या ऐंशी टक्के भरलेल्या हव्यात. मधेच हजेरी बायोमेट्रिक झाली, आता मे २०२५ पासून चेहरा दाखवायचा. खासगी कॉलेजाला फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरणापुढे हिशेब मांडायचा तो निराळा. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, तो हिशेबही ठेवायचा. प्रत्येक दार वेगळं, प्रत्येक दाराला वेगळा फॉर्म आणि आत हॉस्पिटल एकच. सासूबाईंना हे सांगा: एका घराचे चार सासुरवाडीला वेगवेगळे आकडे जाऊ नयेत म्हणून मला ठेवतायत. त्यांना पटेल.

आता माझी फजिती.

आम्ही शंभराच्या दीडशे जागा मागायचं ठरवलं. सगळे खूष. मी तक्ता केला: खाटा, शिक्षक, प्रयोगशाळा, लेक्चर हॉल. जागा वाढवल्या की पहिल्या वर्षी फक्त पन्नास मुलं वाढतात, म्हणून सगळ्यांना वाटतं जमलं. पण एमबीबीएस साडेचार वर्षांचं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. दर वर्षी आणखी पन्नास येतात आणि खरा भार पाचव्या-सहाव्या वर्षी अंगावर येतो, तोपर्यंत अर्ज करणारा डीन निवृत्त झालेला. शरीररचनाशास्त्राला देहदान किती मिळतं, हॉस्टेलला पाणी किती येतं, हे सगळं मी सहा वर्षांचं मांडलं होतं. चौऱ्याऐंशी पानं. विश्वस्तांनी शाबासकी दिली.

नवीन वॉर्ड सातव्या मजल्यावर गेले. पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेआठला लिफ्टपुढे ही गर्दी. राउंडला जाणारी मुलं, स्ट्रेचर, नाश्त्याच्या ट्रॉल्या, नातेवाईक, सगळे दोन लिफ्टला. एक पेशंट ऑपरेशनला चाळीस मिनिटं उशिरा पोचला. सर्जनने सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन विचारलं, "बाई, तुमच्या चौऱ्याऐंशी पानांत लिफ्ट कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच नव्हती. मी खाली जाऊन लिफ्टमनला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मला कुणी विचारलं असतं तर मी वर्षापूर्वीच सांगितलं असतं. तेव्हाही साडेआठला हेच होतं, फक्त पाच मजल्यांपुरतं." त्याच्याच सांगण्यावरून ट्रॉल्या सव्वासातला वर न्यायला लागलो आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या मुलांना जिन्याने पाठवलं. खर्च शून्य. त्यानंतर मी कुठलीही योजना मामा-मावश्या, सिस्टर आणि लिफ्टमनना दाखवल्याशिवाय डीनकडे नेली नाही. (मुंबईबाहेरच्यांसाठी: वॉर्डबॉय ते मामा, आया त्या मावशी.)

प्रा_डॉ_कुरकुरे

त्या सर्जनच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. पण तुम्ही खाली गेलात. आमचे महाशय अजून त्यांच्या केबिनमधून बाहेर आलेले नाहीत.

जागावाढीवरून आठवलं. २०१९ ला आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणासाठी मुंबईच्या सरकारी-पालिकेच्या कॉलेजांत जागा एकदम वाढल्या. केईएमच्या १८० च्या २५० झाल्या. मागणी रास्त होती, माझा विरोध नाही. पण प्रवेश वाढतो एका आदेशाने आणि शिकवणारे हात वाढायला भरतीचं चक्र लागतं. त्याच वर्षी नवा क्षमताधारित अभ्यासक्रमही आला, म्हणजे छोटे गट करून शिकवा. मोठी बॅच आणि छोटे गट! हे गणित सोडवायला कुणी स्ट्रॅटेजीवाला आला असता तर मी त्याला स्वतः चहा पाजला असता.

कल्याण_स्लो

सगळ्यांचे आभार. रात्री नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. 'चार सासुरवाडी' सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग पगार बरा मागून घे."

आवक_जावक ताई, दोन प्रश्न. डीन बदलल्यावर काय होतं? आणि मुलाखतीत मी काय विचारू?

आवक_जावक

डीन बदलल्यावर काय होतं ते माझ्यावर गेलंय, म्हणून सांगते.

या पदाला सही नसते. खरेदीवर डीनची सही, नेमणुकीवर विश्वस्तांची, वॉर्डावर सुपरिटेंडंटची. तुमच्या कागदावर खाली फक्त 'सादर'. तुमचं वजन म्हणजे तुमचा आकडा बरोबर असतो एवढा लोकांचा विश्वास. तो जमवायला मला दहा वर्षं लागली.

एका डीनच्या काळात इन्स्पेक्शन तोंडावर आलं आणि दोन विभागांत शिक्षक कमी होते. मला सांगण्यात आलं की अमुक चार डॉक्टर यादीत घाला, ते त्या दिवशी येतील. कागदावरचे प्राध्यापक. हे सगळीकडे चालतं असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं, यादी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, मी टाईप करणार नाही. आवाज चढला नाही, काही नाही. पुढच्या सोमवारी माझं टेबल लायब्ररीत. दीड वर्ष. काम: जुने वार्षिक अहवाल बांधून ठेवणे.

घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. पण अहवाल बांधताना वाचले. तीस वर्षांत कुठला विभाग कधी वाढला, कुठली मशीन घेऊन धूळ खात पडली, कुठलं आश्वासन चार डीननी दिलं, सगळं तिथे होतं. पुढचे डीन आले, त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, रक्तपेढीच्या जागेचा प्रश्न कधीपासून आहे? खोलीतल्या कुणाला माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, लायब्ररीतल्या बाईंना विचारा. झालं, टेबल परत वर आलं.

म्हणून मुलाखतीत हे विचारा. गेल्या तीन वर्षांची घोषणापत्रं जॉईन होण्याआधी बघायला मिळतील का. "गोपनीय आहे" म्हणाले तर सावध व्हा, कारण कॉलेजांना बरीचशी माहिती वेबसाईटवर टाकावीच लागते. विभागप्रमुखांच्या मीटिंगला तुम्ही बसणार की मीटिंगनंतर तुम्हाला मिनिट्स मिळणार? यावर अडून बसा. मागचा माणूस का गेला, हे डीनना विचारू नका. त्यांच्या पीएला विचारा. आणि शिक्षक कमी पडले तर काय करता, हे सहज विचारून चेहरा बघा. २०२५ मध्ये इन्स्पेक्शनच्या लाचखोरीवरून सीबीआयने गुन्हा दाखल केला तेव्हापासून याचं उत्तर सगळे जपून देतात, पण चेहऱ्यावर दिसतं.

आणि डबा केबिनमध्ये खाऊ नका. आस्थापना विभागात जाऊन खा. कुणाची पदोन्नती अडली, कोण सोडून जाणार, कुठल्या विभागात पुढच्या जूनमध्ये दोन निवृत्त्या आहेत, हे एक्सेलमध्ये यायच्या सहा महिने आधी तिथे कळतं.

निळी_शाई

आमचं गुपित फोडलंत. 😀

ओहायोतला_कोकणी

लायब्ररीतलं वाचून थांबलो. इथे असं झालं तर माणूस वकील गाठतो. तुम्ही अहवाल वाचलेत.

आवक_जावक

कोकणी, वकील गाठायला पैसे हवेत. मुलगी बारावीला होती.

चिंचपोकळीकर

कल्याण_स्लो, एक भर. २०२३ मध्ये एनएमसीला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांची मान्यता मिळाली. त्यामुळे इथली मुलं पुढे परदेशात जाताना मान्यतेचा प्रश्न येणार नाही. पण आता कॉलेजांची आपापसातली चढाओढ वाढणार, क्रमवारीचं वेड येणार. कुणीतरी तुम्हाला विचारेल, "एनआयआरएफमध्ये (सरकारी क्रमवारीत) वर कसं जायचं?" त्याला आधी लिफ्टची गोष्ट सांगा.

कल्याण_स्लो

अपडेट. काल मुलाखत झाली. घोषणापत्रं दाखवू म्हणाले, मीटिंगला बसायचंही कबूल. शिक्षक कमी पडले तर काय, यावर डीन म्हणाले, "मग त्या विभागाच्या पीजीच्या जागा मागत नाही." चेहरा बघितला, खरं वाटलं. मागचा माणूस का गेला ते पीएंना विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, "मागचा माणूस नव्हताच, पद नवीन आहे. तुम्ही पहिल्या." हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता टेबल, कपाट, शिपाई सगळं मागण्यापासून सुरुवात.

बाहेर पडताना लिफ्टने न जाता जिन्याने उतरले. चार मजले. दुसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये अकरा खाटा मोजल्या.

आवक_जावक

कुठल्या वेळेला मोजल्यात? दुपारी डिस्चार्ज होतात. सकाळी सातला परत मोजा.

प्रा_डॉ_कुरकुरे

आणि मोजलेला आकडा एकदाच मागा.

कल्याण_स्लो

एक तारखेला जॉईन होतेय. कल्याणहून सातला पोचायचं म्हणजे पाच-चाळीसची. कुणी रोज करतं का ती? बसायला मिळतं?

निळी_शाई

पाच-चाळीसला मिळतं. सहानंतर विसरा.